थोरल्याचा बिल्ला

सकाळी सव्वासातला दूध सांडलं. सगळं नाही, अर्धी बादली. पण डेअरीची गाडी फाट्यावर यायची वेळ झाली होती आणि गाय काही पुन्हा पान्हा सोडणार नव्हती.

धाकटी चुलीपाशी होती. तिला आधी खोकला ऐकू आला. नवऱ्याचा खोकला कुठवर गेलाय ते तिला नुसत्या आवाजावरून कळायचं. घशात आहे, छातीत उतरला, तळाला गेला. तळाला गेला की हातातलं टाकून उठायचं. ती गोठ्यात पोचली तेव्हा धाकटा खांबाला धरून उकिडवा बसला होता, बादली कलंडली होती आणि शेणातून दुधाचा ओघळ निघाला होता. गाय मान वळवून बघत होती.

"उबळ आली," तो म्हणाला, पाहुणे आले म्हणावं तसं.

"कळलं. आत चला."

"गाडी चुकेल."

"अर्ध्या बादलीसाठी गाडी थांबत नाही. चला."

मधल्या भिंतीपलीकडून जाऊबाईंचा आवाज आला. "सांडलं का?"

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे किती ते मला इथवर वास येतोय त्यावरून कळतंय."

छप्पर एकच, मधे भिंत आणि दोन चुली. पलीकडे थोरल्याची विधवा, म्हणजे जाऊबाई, धान्याच्या व्यापाऱ्याची फाटकी गोणपाटं शिवून पोट भरायची. अलीकडे धाकटा आणि धाकटी. जाऊबाईंच्या मुली लग्न होऊन गेल्या होत्या. धाकट्याचा मुलगा लांबच्या शहरात ट्रक चालवायचा; त्याचा फोन यायचा, बाकी काही यायचं नाही. यंदा उन्हाळा लांबला होता. वैरण विकतची होती, आणि धाकट्याला बांधापर्यंत जायचं तरी वाटेत बसावं लागायचं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला होता आणि "चुना" एवढंच म्हणून पाकिटात परत घातला होता.

त्याच दिवशी दुपारी काटेवाला आला. चुनाभट्टीवर ट्रक तोलायच्या काट्यावर त्याने सारा जन्म काढला होता. भट्टी बंद पडून कैक वर्षं झाली, पण समोर येईल त्याला नजरेने तोलायची त्याची खोड गेली नव्हती.

"थोरल्या!" त्याने अंगणातूनच हाक मारली. "निम्मा उतरलास की रे. गोणीला भोक पडलंय का?"

"बस," धाकटा म्हणाला.

"बसायला नाही आलो. माझं पेन्शन निघालं." काटेवाला बसला. "भट्टीचं. आपल्या पगारातून कापून घ्यायचे ते मालकाने भरलं होतं रे, आपण उगाच शिव्या घातल्या त्याला. फंडाच्या कचेरीत बेवारस खाती पडली आहेत ढिगाने. मागायला कोणी जातच नाही. तुझ्या बिल्ल्याचंही असणार."

भिंतीपलीकडे गोणपाटातून दाभण ओढल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

भट्टीवरची माणसं अजून धाकट्याला थोरल्या म्हणायची, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. भट्टीवर बिल्ला घराचा असायचा, माणसाचा नाही. पितळेचा, वर भोक, मधोमध आकडा. पाळीला जाताना हजेरीच्या खिडकीतून घ्यायचा, सुटताना परत टाकायचा. कोणाला ताप आला तर भाऊ यायचा, भाऊ नसला तर मेहुणा. मुकादम बिल्ले मोजायचा, तोंडं नाही. आणि तोंडं बघून तरी काय कळणार होतं, तासाभरात सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. थोरल्याने अकरा-बारा वर्षं तिथे दगड भरले. मग त्याचा खोकला तळाला गेला, आणि बिल्ला धाकटा घेऊ लागला. थोरला वारला तेव्हा मुकादम भेटायला आला होता. ओसरीवर बसून चहा प्याला आणि उठताना हळूच म्हणाला, "कळवलंत तर बिल्ला जाईल. बाहेर रांग लागलीय." कोणी कळवलं नाही. गावच्या दप्तरात थोरला मेला, आणि भट्टीच्या दप्तरात तो आणखी तेरा-चौदा वर्षं रोज हजर राहिला. पगाराच्या दिवशी धाकटा तिसरा हिस्सा भिंतीपलीकडे देऊन यायचा.

थोरल्याचं नाव घेता आलं, पाळी घेता आली, त्याची फावडी घेता आली. हात मात्र घेता आला नाही. थोरल्याच्या डाव्या हाताची करंगळी लहानपणीच गेली होती. वैरण कापायच्या कुट्टीच्या यंत्रात, आजही गोठ्यात आहे त्याच. थोरला वैरण आत सारत होता आणि धाकटा चाक फिरवत होता. पुढे थोरला पोराबाळांना सांगायचा, माझी करंगळी गायीच्या पोटात आहे, दूध गोड लागतं ते त्यामुळे. भट्टीवर तपासणीचे साहेब आले की मुकादम लांबूनच ओरडायचा, "थोरल्या, करंगळी!" आणि धाकटा बोट तळव्यात मुडपून घ्यायचा. साहेब बोटं बघायला येत नसत, पण मुकादम भित्रा होता. इतकी वर्षं मुडपून मुडपून ते बोट आता सरळच होत नव्हतं.

"कागद काय लागतात?" धाकटीने विचारलं.

"बिल्ल्याचा नंबर आणि भट्टीचा खाते नंबर. तो भट्टीवर मिळेल. म्हणजे भट्टी असेल तर."

*

भट्टी होती, पण तिच्यात दुसराच कोणी राहायला आला होता. धुराडं उभं होतं. भोवती नवे पत्रे ठोकून शीतगृह केलं होतं आणि गेटवर गणवेशातला रखवालदार होता. एक खुर्ची होती, तिच्यावर तो. धाकटा फाट्यापासून चालत आला होता. त्याने कुंपणाच्या तारेला धरून श्वास घेतला.

"काम काय?"

"इथे होतो मी. भट्टीवर."

"इथे भट्टी नाही."

"ते दिसतंय," धाकटी म्हणाली. "जुने कागद कुठे आहेत ते विचारायचंय."

"बाई, रोज कोणीतरी येतं. एक जण तर आपलं फावडं राहिलंय म्हणून आला होता." रखवालदार हसला आणि मग त्याने धाकट्याकडे नीट पाहिलं. "बसा हवं तर. खाली बसा, खुर्ची कंपनीची आहे."

धाकटा खाली बसला. जिथे बसला तिथे मातीत अजून चुना होता. त्याने बोटाने उकरून पाहिला, चिमूट घेतली आणि पँटला पुसून टाकली. आत खोल खाणीत पाणी साचलं होतं आणि त्यावर हिरवा पंप चालू होता. हजेरीची खिडकी मात्र जशीच्या तशी होती, गजांसकट. तिच्यात आता कोणीतरी झाडू ठेवले होते.

"जुने कागद नेले म्हातारबाबांनी," रखवालदार म्हणाला. "हजेरीबाबू म्हणायचे ना? पोरीकडे राहतात, पोस्टाच्या मागे. रद्दीत घालणार होते मालक, ते रडले म्हणे. नेले मग."

हजेरीबाबू तिसऱ्या मजल्यावर होते. जिन्यात धाकटा प्रत्येक वळणावर थांबला आणि प्रत्येक वेळी भिंतीवरचं काहीतरी वाचल्यासारखं केलं. मुलीने दार उघडलं, चपला बाहेर काढायला सांगितल्या, मग चपलांना लागलेला चुना बघून त्या आणखी एक पायरी खाली ठेवायला सांगितल्या.

हजेरीबाबूंचा उजवा हात लुळा पडला होता. डाव्या हाताने त्यांनी चष्मा लावला.

"तू थोरला की धाकटा?"

"तुम्हाला माहीत आहे, बाबू."

"मला काही माहीत नाही. मी बिल्ले मोजत होतो." त्यांनी धाकटीकडे पाहिलं. "चौदा वर्षं मी याला रोज विचारलं, बरा आहेस का. एकदाही नावाने हाक मारली नाही. ती हाक मारली असती तर लिहावं लागलं असतं."

भट्टीचा खाते नंबर त्यांना तोंडपाठ होता. धाकटीने तो हातावर लिहून घेतला. निघताना म्हातारा म्हणाला, "कोणी विचारलं तर मला भेटला नाहीत. जावई सरकारी नोकरीत आहे."

*

फंडाच्या कचेरीत साडेदहाला त्यांचा नंबर लागला. खिडकीमागच्या बाईंना सर्दी झाली होती. त्या एका हाताने रुमाल धरून दुसऱ्याने टाइप करत होत्या. धाकटीने नंबर सांगितला, बिल्ल्याचा आकडा सांगितला. थोरल्याचं नाव धाकट्याने सांगितलं. ते सांगताना तो अडखळला नाही. धाकटीच्या मनात आलं, स्वतःचं नाव यांनी शेवटचं कधी सांगितलं असेल?

"सापडलं," बाई म्हणाल्या.

धाकटीने नवऱ्याच्या पाठीला हात लावला. सदरा घामाने चिकटला होता.

"इतकी वर्षं कुठे होतात? कधीचं पडून आहे." बाईंनी नाक पुसलं. "पंचवीस वर्षं सेवा. शेवटपर्यंत खाडा नाही. छान आहे."

धाकटा मान खाली घालून उभा होता. त्याच्या कामाला कोणी छान म्हटल्याचं धाकटीने याआधी ऐकलं नव्हतं. त्यानेही नसावं, कारण तो चक्क लाजला.

"आता ओळख. फोटो नाही लावलेला. शरीरावरची खूण..." बाई पडद्याजवळ झुकल्या. "डाव्या हाताची करंगळी नाही. दाखवा हात."

धाकट्याने उजवा हात पुढे केला.

"डावा, काका."

डावा खिशात होता. तो बाहेर आला, मुठीसकट खिडकीच्या लाकडावर ठेवला गेला. करंगळी आत मुडपलेली होती. मागे रांगेतली माणसं पुढे सरकली.

"उघडा."

"उघडत नाही ते."

बाईंनी पेनाच्या टोपणाने करंगळी अलगद उचलली. ती निम्मी उघडली. नख होतं, पेरं होती, सगळं होतं.

"अख्खी आहे की," बाई म्हणाल्या.

"काका, नवीन फुटली वाटतं!" मागून कोणीतरी म्हणालं. "खत कुठलं घातलंत?"

रांग हसली. धाकटाही हसला, हसायला हवं म्हणून. धाकटीला त्या माणसाचा राग आला नाही इतका त्या हसण्याचा आला.

बाई हसल्या नाहीत. आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "कधीकधी लिहिण्यात चूक असते. सोमवारी मोठे साहेब ओळख तपासतात. भट्टीवरचे साक्षीदार आणा. पटलं तर पटलं." मग त्यांनी धाकट्याकडे न बघता पुढचं सांगितलं. "आणि खातेदार हयात नसतील तर त्यांच्या पत्नीला पाठवा, मृत्यूचा दाखला घेऊन. तिला विधवेचं मिळतं. पण जे असेल ते खरं सांगा. खोटं निघालं तर खातं गोठतं आणि मग कोणालाच काही नाही."

"मी यांची बायको," धाकटी म्हणाली.

"ते दिसतंय, बाई. पुढचे."

बसमध्ये खिडकीपाशी धाकटा बाहेर बघत बसला होता. मग म्हणाला, "नाव पटलं. वर्षं पटली. एक बोट तेवढं जास्त निघालं."

*

जाऊबाईंनी सगळं ऐकून घेतलं. ऐकताना त्यांचं दाभण थांबलं नाही. गोणपाटाची धूळ उन्हाच्या पट्ट्यात उडत होती आणि धाकटा उंबऱ्याबाहेर बसला होता, धूळ सोसत नव्हती म्हणून.

"म्हणजे माझं निघतंय," त्या म्हणाल्या.

"निघेल, वहिनी. दादाच्या वर्षांचं. पण दाखल्यावर तारीख आहे. त्यानंतर कोण येत होतं, असं विचारतील."

"विचारू देत. सांगा."

"सांगितलं तर फसवणूक ठरते. माझं तर गेलंच, तुमचंही अडकवतील."

"आणि नाही सांगितलं तर सगळं तुमच्या हातात. माझ्या नवऱ्याच्या नावाचं."

"कमावलं यांनी," धाकटी म्हणाली. "निम्म्याहून जास्त यांनी. श्वास गेला यांचा त्या भट्टीत."

"माझ्या नवऱ्याचा नाही गेला?"

धाकटीने भिंतीकडे पाहिलं.

"अगं, मी यांना नावं ठेवत नाही," जाऊबाई म्हणाल्या. आता दाभण थांबलं होतं. "भाऊजींनी हिस्सा दिला, कधी चुकवला नाही. पण दर पगाराला मी इथे उंबऱ्यापाशी उभी राहायचे आणि ते द्यायचे. माझ्याच नवऱ्याच्या नावाचे पैसे मी दुसऱ्याच्या हातून घ्यायचे, आणि वर तुझं तोंड बघायचे, आज वाकडं आहे की सरळ. आता मला माझ्या नावाने काहीतरी येऊ दे. थोडं येऊ दे. पण मला उभं राहायला लावू नका."

"माझं तोंड कधी वाकडं होतं?"

"तुला दिसत नव्हतं ते. तुझ्या घरात आरसा तरी कुठे आहे?"

धाकटीला हसू आलं आणि ते आल्याचा रागही आला. ती उठून गेली. तिला जाऊबाईंचं चूक वाटत नव्हतं, हीच अडचण होती. चूक वाटलं असतं तर भांडता आलं असतं.

संध्याकाळी काटेवाला आला. साक्ष द्यायला तो तयार होता, अगदी छाती ठोकून. पण बोटाचं ऐकल्यावर त्याने डोकं खाजवलं.

"चेहरा सांगेन, काम सांगेन, रोज काट्यावरून जायचा ते सांगेन. बोटाचं काय सांगू? वजनात बसत नाही रे." तो हसला. "एवढ्याशा करंगळीपायी पंचवीस वर्षं अडली. त्या वेळीच तुझीही गेली असती यंत्रात, तर आज..."

त्याने चहा संपवला, पेला उपडा घातला आणि निघाला. धाकटा हसला नव्हता. तो गोठ्याकडे बघत होता.

*

गुरुवारी दुपारी कुट्टी करायची होती. हल्ली चाक धाकटी फिरवायची, कारण त्याला दम पुरायचा नाही. तो बसून पेंढी आत सारायचा. लोखंडी चाक जड होतं. दोन पाती आळीपाळीने खाली यायची, कडब्याची वाळलेली ताटं करकरत तुटायची आणि पुढे कुट्टीचा ढीग पडायचा. उन्हात पत्र्याखाली बसवत नव्हतं. धाकटीच्या कानशिलावरून घाम गळत होता आणि चाकाच्या लयीत तिला दुसरं काही दिसत नव्हतं.

मग तिला दिसलं की तो डाव्या हाताने सारतोय.

तिने चाक थांबवलं. थांबवताना मनगटाला हिसका बसला.

"हात बदला."

"चालतंय."

"उजव्याने सारा."

"उजवा दुखतोय."

"मी फिरवणार नाही."

यंत्राच्या तोंडाशी त्याचा हात तसाच राहिला, पेंढीवर पालथा. करंगळी आज मुडपलेली नव्हती. ती त्याने बाहेर काढून ठेवली होती, जेवढी सरळ होईल तेवढी.

"तू नको फिरवूस," तो शांतपणे म्हणाला. "तू घरात जा."

ती घरात गेली नाही. तिने पेंढी त्याच्या हाताखालून ओढून घेतली, ढकलूनच त्याला तिथून उठवलं आणि तो ओसरीवर जाऊन आडवा पडेपर्यंत तिथेच उभी राहिली. मग तिला मागे चाहूल लागली. जाऊबाई होत्या. हातात जुना पाना होता.

"चाक धर घट्ट," जाऊबाई म्हणाल्या. "मी नट सोडवते."

नट गंजले होते. जाऊबाईंनी त्यांवर रॉकेल ओतलं, पान्यावर पाय देऊन जोर लावला. शिवून शिवून त्यांच्या बोटांना घट्टे पडले होते, तरी पाना घसरून एकदा त्यांची बोटं सोलली. दोन्ही पाती निघाली. धाकटीने ती गोणपाटात गुंडाळली. जाऊबाईंनी आपली ट्रंक उघडली, लुगडी बाजूला केली, तळाशी थोरल्याचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत होता. त्याच्यावर पाती ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

"पेन्शन मिळो न मिळो," त्या म्हणाल्या. "या घरात एक करंगळी गेली तेवढी पुरे."

"मी कुऱ्हाडही लपवू का?"

"लपव. विळाही लपव. जेवण हाताने तोडून खाऊ."

तेव्हापासून गाईला अख्खी ताटं टाकावी लागली. तिने वरचा पाला खाल्ला, खालचे दांडे तुडवले. दूध आणखी कमी झालं. डेअरीवर विचारलं तर धाकटीने सांगितलं, पाती धार लावायला दिली आहेत.

रविवारी जेवताना धाकटा म्हणाला, "वहिनींना बोलाव."

जाऊबाई आल्या, दारात थांबल्या.

"आत या, उभ्या राहू नका," तो म्हणाला. त्या बसल्या. "उद्या तुम्ही चला. दाखला घ्या. मीच साहेबांना सांगतो, भट्टीवर दादा होता. मी नव्हतो."

"आणि पुढची वर्षं?"

"हजेरीची चूक असेल. बाबूंनी लिहून टाकलं असेल. मी नव्हतोच कधी तिथे."

"तुमच्या छातीत आहे तो चुना," धाकटी म्हणाली. "तो कोणाचा मग?"

"तो कुठे लिहिलाय कोणी."

तो हे रागाने म्हणाला नाही. ताट पुसून खाल्लं, पाणी प्याला, उठला. जाऊबाई बसून राहिल्या. जाताना त्यांनी धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सकाळी बघू."

*

सोमवारी सकाळी धाकटी धार काढून आली तेव्हा धाकटा घरात नव्हता. परसात नव्हता, बांधावर नव्हता. त्याचा धुतलेला सदरा दोरीवरून गेला होता आणि चपला गेल्या होत्या. धाकटीने कुऱ्हाड पाहिली, धान्याच्या कणगीमागे होती. विळा होता. ती भिंतीपलीकडे धावली. जाऊबाईंनी न विचारताच ट्रंक उघडली. पाती होती, गोणपाटात तशीच. दाखला होता.

"पुढे गेले असतील," जाऊबाई म्हणाल्या. "पहिल्या बसने. साहेबांशी आधी एकटं बोलायचं असेल."

"मला न सांगता?"

"सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं असतंस का?"

दोघी दुसऱ्या बसने गेल्या. कचेरीत धाकटा नव्हता. खिडकीमागच्या बाई म्हणाल्या, नाही, आले नाहीत, यादीत नाव आहे, बसा. काटेवाला साक्षीसाठी इस्त्रीचा सदरा घालून आला होता. तो बाकावर त्यांच्याशेजारी बसला आणि आल्यागेल्याला तोलायचं विसरून गेला. शेवटी तो चौकात बघून येतो म्हणून गेला आणि तसाच परत आला.

दुपारी शिपायाने दार उघडून थोरल्याचं नाव पुकारलं.

धाकटीने जाऊबाईंकडे पाहिलं. पिशवी त्यांच्या मांडीवर होती, दाखल्याचं टोक बाहेर दिसत होतं. उठून आत गेलं, पिशवीतला कागद टेबलावर ठेवला, की थोरला अठ्ठावीस वर्षांपूर्वी मेलेला ठरणार होता, जाऊबाईंना त्यांच्या नावाने थोडं मिळणार होतं आणि धाकटा भट्टीवर कधीच नव्हता असं होणार होतं.

शिपायाने दुसऱ्यांदा नाव पुकारलं. बाकावरच्या लोकांनी इकडेतिकडे पाहिलं.

"जा ना," धाकटी म्हणाली. तिला ते मनापासून म्हणायचं होतं. आवाज मात्र निघाला नाही, नुसते ओठ हलले.

जाऊबाईंनी पिशवीचे बंद मुठीत धरले. "ते येऊ देत," त्या म्हणाल्या. "त्यांच्यासमोर जाईन. त्यांच्या माघारी नाही."

शिपायाने तिसऱ्यांदा पुकारलं, यादीवर काहीतरी खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. बंद व्हायच्या वेळी खिडकीमागच्या बाईंनी दोघींना बोलावलं. "आज आले नाहीत तर खातं परत बेवारसमध्ये जातं. पुन्हा अर्ज करावा लागेल. कुठे आहेत ते?"

"येतील," धाकटी म्हणाली.

संध्याकाळच्या बसला सकाळच्या पहिल्या बसचाच कंडक्टर होता. धाकटीने तिकिटाचे पैसे हातात धरून ठेवले आणि त्याला विचारलं. सकाळी पहिल्या बसला, उंच, वाळलेला माणूस, धुतलेला सदरा, खोकला.

"होता की," कंडक्टर म्हणाला. "खोकत होता म्हणून पुढची सीट दिली मी. भट्टीच्या फाट्यावर उतरला."

"भट्टीच्या?"

"मीही म्हटलं, काका, तुमचं तिकीट शहरापर्यंतचं आहे. तर म्हणाला, असू दे."

बस सुरू झाली. जाऊबाईंनी पुढच्या सीटचा दांडा धरला. भट्टीचा फाटा अजून लांब होता. धाकटीने शहरात शोधायला मागे थांबलेल्या काटेवाल्याला फोन लावला, शीतगृहाच्या रखवालदाराला विचार म्हणून. काटेवाल्याचा अजून काही निरोप नव्हता.

"त्यांचा हात कसा होता?" तिने विचारलं.

"हात?"

"डावा हात. बांधलेला होता का?"

कंडक्टरने आठवून पाहिलं. पुढच्या माणसाला तिकीट फाडून दिलं, सुटे दिले, मग पुन्हा तिच्याकडे वळला.

"ते नाही सांगता येणार, बाई. तिकीट उजव्या हाताने घेतलं. डावा खिशात होता, उतरेपर्यंत."